जठराच्या मज्जातंतूचे पाठभेद

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्यापुढे आताच सादर झाला आहे. ते आकडे या अहवालाच्या पुढील पानांवर आहेतच. त्यांची पुनरुक्ती करून आपला वेळ घेत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शरीररचनाशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही आज जठराच्या एका मज्जातंतूविषयी बोलण्याची परवानगी मी अध्यक्ष महोदयांकडून मुद्दाम मागून घेतली आहे.

त्याचे कारण असे. प्रशासकाच्या टेबलापुढे वर्षभर जे प्रश्न येतात त्यांत पैशाचे प्रश्न पुष्कळ असतात. पण सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा नसतो. ‘साहेब, ऑपरेशन नीट झाले म्हणालात, मग ह्यांना पुन्हा त्रास का? शेजारच्या खाटेवरचा माणूस पाचव्या दिवशी घरी गेला, आमचा माणूस तीन आठवडे इथेच का?’ असे नातेवाईक विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो : चूक कोणाची? डॉक्टरांची, रुग्णालयाची, रुग्णाच्या पथ्याची की नशिबाची? या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. परंतु उत्तराची एक महत्त्वाची बाजू आपल्या सर्जन मंडळींनी मला जठराच्या मज्जातंतूचे उदाहरण घेऊन समजावून दिली. ती मला जशी उमगली तशी आपल्यापुढे ठेवतो.

भटका मज्जातंतू

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील दहाव्या जोडीला व्हेगस असे नाव आहे. मराठी परिभाषेत तिला प्राणेशा तंत्रिका म्हणतात. लॅटिन भाषेत ‘व्हेगस’ म्हणजे भटका. नाव सार्थ आहे. कवटीच्या तळातून निघून हा मज्जातंतू मानेतून खाली उतरतो, स्वरयंत्राला, हृदयाला आणि फुप्फुसांना फांद्या देतो, अन्ननलिकेभोवती जाळे विणतो, मध्यपटलाच्या छिद्रातून अन्ननलिकेसोबत पोटात शिरतो आणि जठर, यकृत, स्वादुपिंड व आतड्यांचा बराचसा भाग यांच्यापर्यंत पोहोचतो. त्याच्यातील बहुसंख्य तंतू, सुमारे पाचांतील चार, इंद्रियांकडून मेंदूकडे वार्ता नेणारे असतात. मेंदूचा हुकूम खाली आणणारे तंतू त्या मानाने थोडे. म्हणजे हे खाते आवक जास्त आणि जावक कमी असे आहे.

जठरापुरते त्याचे काम तीन प्रकारचे आहे. घास येताच जठराचा वरचा भाग सैल करून जागा करून देणे, जठरातील ग्रंथींना आम्ल स्रवण्यास उद्युक्त करणे, आणि जठराच्या खालच्या भागाकडून अन्न घुसळून, दळून, थोडे थोडे पुढे ढकलून घेणे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, खाल्लेले अन्न मानेतूनच बाहेर पडेल आणि जठरात मुळीच पोहोचणार नाही अशी व्यवस्था केली तरी खाण्याच्या क्रियेनेच जठररस वाहू लागतो. व्हेगस कापला की तो वाहत नाही. पचनक्रियेवरील या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जेवणाच्या ताटाच्या वासाने भूक खवळते असे आपण म्हणतो, त्यामागे हाच मज्जातंतू आहे.

आता त्याची ठेवण पाहू. गर्भावस्थेत जठर वाढत असताना स्वतःभोवती सुमारे पाव फेरी घेते. त्यामुळे मूळच्या डाव्या बाजूचा व्हेगस जठराच्या पुढच्या अंगाला येतो आणि उजवा मागच्या अंगाला जातो. पुस्तकातील चित्रात मध्यपटलापाशी दोनच खोडे दिसतात : एक पुढचे, एक मागचे. पुढचे खोड अन्ननलिकेला चिकटलेले असते. जठर हलकेच खाली ओढून धरले तर ते सतारीच्या तारेसारखे बोटाला लागते. मागचे खोड बहुधा अधिक जाड, पण अन्ननलिकेपासून थोडे दूर, चरबीत दडलेले. पुढचे खोड यकृताकडे एक फांदी पाठवते, मागचे पोटातील मोठ्या मज्जाजालाकडे एक पाठवते. दोघांचीही एकेक लांब फांदी जठराच्या आखूड कडेने खाली उतरते आणि जठराच्या तोंडापाशी, म्हणजे जठर आतड्यात उघडते तेथे, पसरून संपते. त्या शेवटच्या पसाऱ्याला सर्जन मंडळी ‘कावळ्याचा पाय’ म्हणतात. लांब फांदीला फ्रान्समधील ल्यों शहराचे शारीरतज्ज्ञ आणि सर्जन आंद्रे लातार्जे यांचे नाव आहे.

हे झाले पुस्तकातील चित्र. प्रत्यक्ष देहांत काय आढळते? बहुसंख्य देहांत दोन खोडे आढळतात, हे खरे. परंतु काही देहांत अन्ननलिकेभोवतीचे जाळे छातीत एकवटण्याऐवजी तसेच खाली उतरते आणि मध्यपटलापाशी तीन, चार किंवा अधिक दोर सापडतात. काहींत खोड छातीतच दुभंगते. काहींत यकृताकडील फांदी एक, काहींत अनेक. कावळ्याच्या पायाची बोटे कोणात तीन, कोणात जास्त. कोणात तो पाय धड ओळखूही येत नाही. काही तंतू आखूड कडेची वाट सोडून रक्तवाहिन्यांच्या सोबतीने जठराच्या लांब कडेने येतात. आणि काही देहांत मागच्या खोडातून एक बारीक फांदी फार वरच, कधी मध्यपटलाच्याही वर, फुटते आणि अन्ननलिकेच्या मागून जठराच्या माथ्यावर गुपचूप जाऊन पोहोचते. या फांदीची हकीकत पुढे येईल.

जुन्या ग्रंथांच्या हस्तलिखितांत जसे पाठभेद असतात तसेच हे आहेत. संत एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती शोधून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे आपण सर्व जाणतो. ग्रंथाच्या बाबतीत एक पाठ शुद्ध आणि दुसरा अपपाठ असे ठरविता येते. देहाच्या बाबतीत ते शक्य नाही. ज्या माणसाच्या जठराला चार दोर आहेत त्याचे जठर त्या चार दोरांनी जन्मभर उत्तम चालते. त्याच्यापुरता तोच शुद्ध पाठ. अडचण उद्भवते ती दुसऱ्या कोणाला त्या देहात हात घालण्याची वेळ येते तेव्हा.

शस्त्रक्रियेचा काळ

ती वेळ विसाव्या शतकात लक्षावधी माणसांवर आली. जठराचा आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचा व्रण, ज्याला आपण अल्सर म्हणतो, हा त्या काळी मोठा छळवादी आजार होता. अन्नाने किंवा सोड्याने तात्पुरते शमणारे, मध्यरात्री उठवणारे पोटातले दुखणे. मग रक्ताची उलटी, किंवा व्रण फुटून पोटभर पसरणारा विषार, किंवा वण आकसून जठराचे तोंडच बंद होणे. आम्लाशिवाय हा व्रण टिकत नाही, हे ठाऊक होते. आम्लाचा हुकूम व्हेगसमधून येतो, हे पावलोव्ह यांनी दाखविले होते. तेव्हा हुकूम आणणारी तारच कापावी, हा विचार क्रमप्राप्त होता.

लातार्जे यांनी १९२० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत माणसांवर ही शस्त्रक्रिया करून पाहिली. त्यांच्या लक्षात आले की तार कापल्यावर आम्ल कमी होते खरे, पण जठराचे घुसळणेही मंदावते आणि अन्न तुंबून राहते. म्हणून जठराला आतड्याशी जोडून नवी वाट करून देण्याची जोड त्यांनी दिली. पुढे जानेवारी १९४३ मध्ये शिकागो येथे लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी छातीतून व्हेगसची दोन्ही खोडे कापून व्रणाच्या रुग्णावर उपचार केला आणि तेथून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. आपल्या देशातील जिल्हा रुग्णालये, मिशनची रुग्णालये आणि धर्मादाय रुग्णालये यांत कित्येक दशके ही नित्याची शस्त्रक्रिया होती. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या पोटावर तिचा उभा व्रण आपल्याला दिसतो.

सर्वच खोड कापले की जठरासोबत यकृत, पित्ताशय आणि आतडी यांचेही तंतू जात, आणि काही रुग्णांना जुलाबाचा किंवा जेवल्यानंतर घाम येऊन गळून जाण्याचा त्रास जडे. म्हणून आधी फक्त जठराकडील फांद्या कापण्याची आणि मग केवळ आम्ल स्रवणाऱ्या वरच्या भागाच्याच फांद्या कापण्याची पद्धत आली. हा शेवटचा प्रकार १९७० साली इंग्लंडमधील लीड्स आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील सर्जनांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्यात कावळ्याचा पाय, म्हणजे जठराच्या तोंडाजवळील साधारण ६ ते ७ सेंटिमीटर भागाचा पुरवठा, राखून ठेवतात. त्यामुळे जठर आपले घुसळण्याचे काम करीत राहते आणि नवी वाट काढण्याची गरज उरत नाही.

काम जितके नाजूक, तितके पाठभेदांचे महत्त्व मोठे. या पद्धतीनंतर व्रण पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण एका सर्जनकडे अल्प, तर दुसऱ्याकडे पुष्कळ, असा मोठा फरक जगभर आढळला. पुन्हा आलेल्या व्रणाचे सर्वांत नेहमीचे कारण एकच निघे : कुठला तरी तंतू कापायचा राहिलेला असे.

‘गुन्हेगार’ कोण?

राहिलेल्या तंतूंत जो वारंवार सापडला तो मघाशी सांगितलेला, मागच्या खोडातून वर फुटून जठराच्या माथ्याकडे जाणारा. इटलीतील सर्जन ग्रासी यांनी त्याच्याकडे विशेष लक्ष वेधले आणि सर्जन मंडळींच्या भाषेत त्याला नाव पडले ‘गुन्हेगार मज्जातंतू’. आजही शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव आहे.

हे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा थोडा थबकलो. तो तंतू त्या माणसाच्या जन्माआधीपासून तेथे आहे. त्याने आपले नेमून दिलेले काम केले. त्याला गुन्हेगार ठरविले आपण, कारण तो आपल्या नकाशात नव्हता. मग गुन्हा सर्जनचा का? ज्या काळी ही फांदी कोणी वर्णिलीच नव्हती त्या काळी तिच्यासाठी सर्जनला दोष देणे न्यायाचे नव्हे. परंतु ती वर्णिली गेल्यानंतर तिचा शोध घेणे हे सर्जनचे कर्तव्य ठरले. अन्ननलिकेचा खालचा ५ ते ७ सेंटिमीटर भाग सर्व बाजूंनी स्वच्छ करून पाहावा, मागील बाजू बोटाने चाचपावी, हा शस्त्रक्रियेचा भाग झाला. देहादेहांतील भेद ही निष्काळजीपणाची ढाल होऊ शकत नाही. आणि प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा, असेही म्हणता येत नाही. रुग्णांच्या नातेवाइकांनी आणि आम्ही व्यवस्थापकांनी ही दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवावीत, अशी माझी नम्र विनंती आहे.

हिशेबनीस म्हणून मला या इतिहासातील सर्वांत आदरणीय वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या हातून काही राहून गेले असेल, असे गृहीत धरून सर्जन मंडळींनी स्वतःचे लेखापरीक्षण सुरू केले. न्यूयॉर्कचे हॉलंडर यांनी १९४० च्या दशकात अशी चाचणी काढली की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला इन्सुलिन देऊन रक्तातील साखर उतरवायची. मेंदू व्हेगसला हुकूम देतो. तरीही जठरात आम्ल वाढले नाही तर सर्व तारा तुटल्या, वाढले तर एखादी शिल्लक आहे. परंतु ही तपासणी पोट शिवल्यानंतरची, वर्ष संपल्यावर होणाऱ्या लेखापरीक्षणासारखी. पुढे लंडनचे बर्ज यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच व्हेगसला विजेचा सूक्ष्म प्रवाह देऊन जठर आकसते का, हे पाहण्याची पद्धत काढली, आणि ग्रासी यांनी शस्त्रक्रियेतच जठराच्या आतील पृष्ठभागाची आम्लता जागोजागी मोजून पाहण्याची. जेथे आम्ल अद्याप आहे तेथे तार शिल्लक आहे. वही बंद करण्यापूर्वी जमा-नावे जुळवून पाहण्यासारखेच हे. ज्याने त्या फांदीला प्रसिद्धी दिली त्यानेच ती राहून जाऊ नये म्हणून तपासणीही सुचविली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आज त्याचे प्रयोजन काय?

आपण विचाराल की ही शस्त्रक्रिया आता कितीशी होते? फार क्वचित. १९७६ साली इंग्लंडमध्ये सिमेटिडीन हे औषध बाजारात आले, १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आले, आणि आम्ल गोळीने आवरता येऊ लागले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची वाढ करून दाखविली. बहुतेक व्रणांचे मूळ तो जंतूच आहे, हे पुढे सिद्ध झाले. १९८४ साली मार्शल यांनी या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन करून आपल्या जठराला सूज आणून दाखविली. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या आजारासाठी पोट उघडावे लागे तो आता प्रतिजैविके आणि आम्लरोधक यांच्या एक-दोन आठवड्यांच्या उपचाराने बरा होऊ शकतो. याहून आनंदाची बाब ती कोणती?

तथापि तो मज्जातंतू आपल्या सर्वांच्या देहात आहेच, आणि त्याचे पाठभेदही. फरक इतकाच की पूर्वी सर्जन त्याला कापण्यासाठी शोधीत, आता वाचविण्यासाठी शोधतात. जठराचे आम्ल वर अन्ननलिकेत येण्याच्या विकारावर जी शस्त्रक्रिया करतात तीत दोन्ही खोडे अगदी हाताशी असतात. त्यांना इजा झाली तर जठर मंदावते, पोट फुगते, अन्न तुंबते. जठराच्या कर्करोगाची सुरुवातीच्या अवस्थेतील शस्त्रक्रिया करताना यकृताकडील आणि मज्जाजालाकडील फांद्या जपण्याचा प्रयत्न होतो. हृदयाचे ठोके नियमित करण्यासाठी हृदयाच्या आतून उष्णता देऊन जो उपचार करतात, त्यात क्वचित मागेच टेकलेल्या अन्ननलिकेवरील व्हेगसच्या जाळ्याला इजा होऊन जठर मंदावल्याचे आढळते. अन्ननलिकेचा कर्करोग काढताना तर दोन्ही खोडे बहुधा कापावीच लागतात. आणि या बारीक फांद्या नेहमीच्या सोनोग्राफीत वा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. कोणत्या देहात त्या कोठून गेल्या आहेत हे सर्जनला आधी कळण्याचा मार्ग आजही नाही. ते डोळ्यांनी आणि बोटांनीच कळते.

आपल्या संस्थेपुढील चार गोष्टी

या विवेचनातून आपल्या संस्थेच्या कारभारासाठी चार गोष्टी निघतात, असे मला वाटते.

पहिली नोंदींची. ज्या रुग्णाचे जठर तीस-चाळीस वर्षांपूर्वी आतड्याला जोडले गेले, त्याला आज रक्तक्षय झाला तर त्याचे कारण त्या जुन्या शस्त्रक्रियेत असू शकते; कारण लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण अशा जठरात कमी होऊ शकते. पण त्याला विचारावे तर तो म्हणतो, ‘पोटाचे ऑपरेशन झाले होते, कसले ते माहीत नाही.’ नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती की, घरी जाताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड मालमत्तेच्या कागदाप्रमाणे जपून ठेवावे. आणि संस्थेकडूनही प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, काय केले याबरोबरच काय वेगळे आढळले यासह, सुवाच्य लिहिली आणि जपली गेली पाहिजे. जुने केसपेपर जपण्यासाठी लागणारी खोली, कपाटे, संगणक आणि माणूस यांवरील खर्च हा वैद्यकीय खर्चच आहे, असे मानावे.

दुसरी संमतीची. संमतिपत्रावर अंगठा किंवा सही घेणे आणि संमती घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘तुमच्या माणसाच्या आतील रचना उघडल्यावर वेगळी आढळू शकते, तसे झाले तर वेळ जास्त लागेल, कदाचित बेत बदलावा लागेल’, हे शस्त्रक्रियेच्या आधी, घरच्या भाषेत, घरातल्या जाणत्या माणसाला बसवून सांगितले गेले पाहिजे. आधी सांगितले तर ती माहिती असते. नंतर तेच सांगितले तर ती सबब वाटते.

तिसरी निधीची, आणि ही खास देणगीदारांसाठी. आपले दर, शासकीय योजनांतील दर आणि विमा कंपन्यांचे दर हे सर्व ‘पॅकेज’ पद्धतीचे झाले आहेत : अमुक शस्त्रक्रियेला अमुक रक्कम. हे दर सरासरीवर बेतलेले असतात, आणि शंभर रुग्णांच्या हिशेबात सरासरी बरोबरच असते. परंतु एखादे कुटुंब शंभर रुग्णांचा खर्च भरत नाही. ते एकाच माणसाचा भरते. त्या माणसाचा देह सरासरीपासून दूर असला, त्याचे जठर पंधरा दिवस हलले नाही, नळीतून आहार द्यावा लागला, तर वाढलेला खर्च कोणी सोसायचा? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यातील कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीने द्यावयाच्या असून बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हे आपले कर्तव्य आहे. परंतु उत्पन्नाच्या मर्यादेच्या थोडाच वर असलेला शिक्षक, दुकानात काम करणारा, रिक्षाचालक या योजनेत बसत नाही. आणि लांबलेल्या मुक्कामाने मोडतो तो नेमका हाच. म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना अशी की, कोणत्याही विशिष्ट कामासाठी नसलेल्या देणग्यांतून काही भाग ‘लांबलेल्या उपचारांचा निधी’ म्हणून स्वतंत्र ठेवावा. या निधीवर कोनशिला बसत नाही, कोणाचे नाव दारावर लागत नाही. यंत्रे आणि इमारती यांसाठी आपण दिलेल्या दानाविषयी संस्था कृतज्ञ आहेच. पण या निनावी निधीचे मोल ज्या घराला कळेल, ते घर ते विसरणार नाही.

चौथी गोष्ट देहदानाची. हे सर्व पाठभेद कळले कोठून? माणसांच्या देहांतून. सुश्रुतसंहितेत मृत देह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग कुंचल्याने एकेक थर दूर करीत आतील रचना प्रत्यक्ष पाहावी, असे सांगितले आहे. युरोपात गेलन यांचे ग्रंथ हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले; त्यातील पुष्कळसे वर्णन प्राण्यांच्या देहांवरून केलेले होते. १५४३ साली व्हेसेलियस यांनी मानवी देह स्वतः उघडून पाहिलेला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्या चुका उघड झाल्या. आपल्या देशात १८३६ साली कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष पत्करून शवविच्छेदन केले. महाराष्ट्रात १९४९ च्या शारीरशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी उपलब्ध करून देण्याची तरतूद झाली. म्हणजे दीर्घ काळ आपले वैद्यकीय शिक्षण ज्यांना कोणी नव्हते अशा निराधारांच्या देहांवर चालले. ज्यांचे जिवंतपणी कोणी विचारले नाही त्यांनी मृत्यूनंतर आपल्या सर्जनांच्या बोटांना शिकविले. हे ऋण फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो : ज्यांना सर्व काही मिळाले त्यांनीही आपला देह द्यावा.

एक देह म्हणजे एक पाठ. एकाच देहावर शिकलेला विद्यार्थी त्या देहालाच नियम समजेल. अनेक देह पाहिलेला विद्यार्थी नियम आणि अपवाद दोन्ही ओळखेल. ज्यांची इच्छा असेल त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात इच्छापत्र भरावे. माहितीसाठी आमच्या समाजसेवा विभागात यावे. केवळ अर्ज भरून भागत नाही. मृत्यूनंतर निर्णय नातेवाइकांच्या हाती असतो, म्हणून घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोलावे. अपघाती मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर देह बहुधा स्वीकारला जात नाही. नेत्रदान मात्र देहदानाच्या आधी करता येते, आणि ते मृत्यूनंतर काही तासांतच व्हावे लागते.

जाता जाता रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी एक व्यावहारिक सूचना. अल्सर औषधांनी बरा होतो म्हणून तो किरकोळ झाला असे समजू नये. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेतल्याने आजही व्रण होतात आणि फुटतात. डांबरासारखी काळी शौचास, रक्ताची उलटी किंवा एकाएकी सुरी खुपसल्यासारखे पोटात दुखणे, यांतील काहीही घडले तर सकाळची वाट न पाहता, रात्री-अपरात्री, खिशात पैसे आहेत की नाहीत याचा विचार न करता, येथे यावे. दार उघडे असेल.

 ज्यांनी मला हा विषय समजावून दिला त्या सर्जन मंडळींचे, आणि ज्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत परंतु ज्यांच्या देहांवर हे ज्ञान उभे आहे त्या सर्वांचे स्मरण करून, मांडलेल्या सूचना विचारार्थ विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन करतो.